दुपारी दोन ते चार, पडदे ओढून

पत्र असं आहे:

‘ताई, मी सत्तावन्न वर्षांची आहे. इंदूरला रामबागेत आम्ही दोघंच राहतो. मुलगा दीड वर्षापूर्वी नोकरीसाठी बंगळुरूला गेला. त्याचं प्लेस्टेशन ४, टीव्हीला जोडून व्हिडिओ गेम खेळायचं यंत्र, इथंच आहे. “तिथं खोलीत जागा नाही, आई, राहू दे,” म्हणाला. गेल्या पावसाळ्यात त्याची खोली आवरताना मी ते सहज सुरू केलं. आत स्पायडरमॅनच्या गेमची डिस्क होती. तो खेळायचा तेव्हा मी दारात उभी राहून बघायची, म्हणून कंट्रोलर कसा धरायचा एवढं ठाऊक होतं. नवा खेळ सुरू केला, आणि आता रोज दुपारी हे झोपले की दोन ते चार मी खेळते. पडदे ओढून, आवाज बारीक करून.

खरं सांगायचं तर खेळते कमी आणि हिंडते जास्त. बँकेतल्या त्या शॉकर नावाच्या खलनायकाकडून इतक्यांदा हरले की गोष्ट पुढे न्यायचं सोडूनच दिलं. नुसती इमारतींवरून झोके घेते, उंच जागी जाऊन बसते. तिथं दिवस पुढे सरकतच नाही, ऊन आहे तिथंच असतं, हे कसं? कधी कधी मळमळतं. अंगठा दुखतो. पलीकडे देवघर आहे आणि इथं मी माणसं बदडते, याचंही वाईट वाटतं. ह्यांनी एकदा पाहिलं तर म्हणाले, “या वयात हे काय भलतंच!” मुलाला सांगितलेलं नाही. त्याचा जुना खेळ माझ्या हातून पुसला गेला तर, ही धास्ती आहे.

आणखी एक. तो इथं होता तेव्हाची गोष्ट. हाच गेम खेळून एका रात्री तो खोलीतून बाहेर आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. जेवताना एक शब्द बोलला नाही. जेवण झाल्यावर माझं आणि त्याचं, दोन्ही ताटं त्यानं घासली. विचारलं तर म्हणाला, काही नाही. ते माझ्या मनातून जात नाही. मी हे सगळं बंद करावं का?’

ताई,

बंद करू नका. बाकीचं सावकाश लिहिते, पण हे आधी.

‘खेळते कमी, हिंडते जास्त’ हे तुम्ही चूक कबूल केल्यासारखं लिहिलंय. अहो, हा गेम हिंडण्यासाठीच केलाय. ओपन वर्ल्ड म्हणतात ते यालाच. न्यूयॉर्कचं अख्खं मॅनहॅटन बेट पुढ्यात पसरून ठेवलेलं असतं, आणि कुठं जायचं, केव्हा जायचं, ते आपण ठरवायचं. गोष्ट आपल्यासाठी थांबते. इन्सोम्नियॅक गेम्स या अमेरिकी कंपनीनं सप्टेंबर २०१८ मध्ये हा गेम आणला तेव्हा खेळणारे भरभरून बोलले ते या झोक्यांबद्दल. माझ्या भाच्यानं पुढच्या वर्षी दिवाळीत माझ्या हातात कंट्रोलर दिला, आणि पहिला तास मीही तेच केलं. एकाही गुंडाला हात लावला नाही. या इमारतीवरून त्या इमारतीवर, बस्स.

झोक्याबद्दल तर मी तुम्हाला वेगळं काय सांगायचं? नागपंचमीला झाडाच्या दोरावर उभं राहून आपण झोके चढवलेत. झोका खाली आला की ताठ उभं राहायचं, टोकाला गेला की गुडघ्यात वाकायचं, हे कुणी शिकवलं नव्हतं, अंगालाच कळायचं. गेममध्ये तेच अंगठ्याला आणि बोटाला कळावं लागतं. कंट्रोलरवरचं आर-टू बटण दाबून धरलं की जाळ्याचा धागा लागतो, सोडलं की सुटतो. झोका अगदी खाली असताना सोडलात तर पुढचा वेग मिळतो. वर चढू लागल्यावर सोडलात तर उंची मिळते. सोडता सोडता एक्स दाबला की आणखी एक उसळी. आणि पडण्याची भीती अजिबात बाळगू नका. या गेममध्ये कितीही उंचावरून पडलं तरी स्पायडरमॅनला काही होत नाही. मी पहिले कित्येक दिवस रस्ता जवळ आला की घाबरून आधीच धागा टाकायची. मग एकदा मुद्दाम पडू दिलं, आणि त्यानंतरच मला नीट झोका घेता आला.

यामागची एक गोष्ट मला फार आवडते. पूर्वीच्या स्पायडरमॅन गेममध्ये धागा नुसता आकाशाला चिकटायचा, वर काही असो नसो. २००४ साली ट्रेयार्क कंपनीनं केलेल्या गेममध्ये तो खऱ्या इमारतींना चिकटू लागला, म्हणजे झोक्याला फांदी मिळाली. तुमच्या गेममध्येही तसंच आहे. म्हणून सेंट्रल पार्कवर आलात की झोका एकदम बुटका होतो, कारण तिथं धागा धरायला झाडंच असतात. तुम्हाला वाटलं असेल की आपलंच काहीतरी चुकतंय, तर तसं नाही. आपल्या इंदुरात राजवाड्याचे सात मजले एक चांगला झोका देतील, पण पुढे सराफ्यात उतरून गर्दीतून पायीच जावं लागेल. त्याला ते उंच बेट लागतं ते यामुळे.

आता ऊन आहे तिथंच राहण्याबद्दल. तुमच्या मशीनमध्ये काही बिघाड नाही. त्या शहरातला दिवस घड्याळावर चालत नाही, गोष्टीवर चालतो. मुख्य मिशन, म्हणजे गोष्ट पुढे नेणारी कामगिरी, पुरं केलं की वेळ बदलते, कधी संध्याकाळ, कधी रात्र, कधी पाऊस. तुम्ही शॉकरपाशी थांबलात, म्हणून शहरही तिथंच थांबलंय. रात्रीचं मॅनहॅटन तुम्ही अजून मनासारखं पाहिलंच नसणार. केवळ तेवढ्यासाठी सुद्धा शॉकरला हरवायला हवं.

तर आधी त्याचं पाहू. सेटिंगमध्ये जाऊन अवघडपणा ‘फ्रेंडली’वर आणा. मुलानं खेळताना बहुधा ‘अमेझिंग’ किंवा ‘स्पेक्टॅक्युलर’ ठेवलं असेल, आणि तुम्ही न बघता तसंच सुरू केलं असेल. यात कमीपणा मुळीच नाही. करणाऱ्यांनी ती सोय दिलीय ती वापरण्यासाठी. तिथंच जवळ दुसऱ्या सोयी आहेत: भराभर बटण दाबण्याऐवजी दाबून धरलं तरी चालेल अशी एक, मधेच एखादं बटण झटकन दाबायला सांगतात ते आपोआप व्हावं अशी एक, अक्षरं मोठी करण्याची एक, आणि प्रयोगशाळेतली तारा जुळवायची कोडी वगळण्याची एक. शेवटची जरूर चालू करा. ती कोडी मला पहिल्यापासून कंटाळवाणी वाटली, गोष्टीत त्यानं काही भर पडत नाही.

शॉकरभोवती ढाल असते तेव्हा त्याला गुद्दे मारून उपयोग नाही. तुम्ही तेच करत असणार, मीही तेच करत होते. त्या वेळी पळत राहायचं. स्पायडरमॅनच्या डोक्याभोवती पांढऱ्या रेघा उमटल्या की लगेच गोल बटण, म्हणजे वार चुकतो. आणि आसपास पडलेला ढिगारा एल-वन आणि आर-वन एकत्र दाबून त्याच्यावर भिरकवायचा. ढाल गेली की मग धावून जा, तीन-चार ठोसे द्या, परत लांब व्हा. हावरेपणानं पाचवा ठोसा मारायला गेलं की हरतो आपण. हे माझ्या भाच्याचं वाक्य आहे आणि ते दर वेळी खरं ठरलंय.

देवघराबद्दल लिहिलंत ते वाचून मला तुमच्याबद्दल फार माया वाटली. पण एवढं बघा: या गेममध्ये स्पायडरमॅनच्या हातून कुणाचा जीव जात नाही. गच्चीवरच्या मारामारीत एखाद्या गुंडाला लाथ बसून तो खाली गेला, तर पुढच्या वेळी कठड्यावरून वाकून बघा. तो भिंतीला जाळ्यात चिकटून बसलेला दिसेल. गेम करणाऱ्यांनी ही काळजी आठवणीनं घेतलीय. तरीही मन खात असेल तर रस्त्यावरचे वारंवार येणारे गुन्हे सरळ सोडून द्या, ते पुढे पुढे सारखेच होत जातात. त्यापेक्षा पाठपिशव्या शोधा. शहरभर अशा ५५ पिशव्या आहेत, पीटरनं, म्हणजे मुखवट्याआडच्या स्पायडरमॅननं, आधीच्या वर्षांत भिंतींना जाळ्यानं चिकटवून ठेवलेल्या आणि विसरलेल्या. प्रत्येकीत एक वस्तू निघते आणि तो तिच्याबद्दल दोन वाक्यं बोलतो. मुलाची खोली आवरलेल्या बाईला यात काय मिळेल ते मी सांगायला नको. आणि हॉवर्ड नावाचा एक बेघर माणूस भेटेल, त्याची कबुतरं उडालेली असतात. बारा कबुतरं, एकेकामागून उडत जाऊन आणून द्यायची. त्यात कुणाला मारायचं नाही, नुसतं उडायचं.

मळमळीचं कारण साधं आहे. डोळे सांगतात आपण वेगानं चाललोय, आणि कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग सांगतो आपण खुर्चीत बसलोय. दोघांचं जुळत नाही आणि पोट बिथरतं, घाटात गाडी लागते त्याच जातीचं. उपाय असे: टीव्हीपासून आणखी लांब बसा, पंखा तोंडावर येऊ द्या, आणि नजर मधल्या स्पायडरमॅनवर ठेवा, खालून पळणाऱ्या रस्त्यावर नको. जेवण झाल्या झाल्या बसू नका, दाल-बाफल्याच्या दिवशी तर मुळीच नको. आणि पडदे उघडा. अंधाऱ्या खोलीत लखलखता पडदा डोळ्यांना जास्त त्रास देतो. मळमळायला लागलं की ‘एवढं मिशन संपवते’ म्हणत बसू नका, लगेच थांबा. जोरानं ढकललं तर दुसऱ्या दिवशी नुसतं संगीत ऐकूनही ढवळून येतं.

अंगठ्याला वीस मिनिटांनी विश्रांती द्या, आणि मी वर लिहिलेली दाबून धरण्याची सोय चालू करा. एवढं करूनही अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाकडे दुखत राहिलं, किंवा पोळपाट-लाटणं धरताना कळ आली, तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. दोन आठवडे खेळ बंद ठेवावा लागला तरी चालेल. हात आयुष्यभर लागणार आहे.

मुलाच्या जुन्या खेळाची धास्ती एका दुपारीत मिटेल. एक पेनड्राइव्ह घ्या, कन्सोलला, म्हणजे त्या प्लेस्टेशनलाच, लावा. सेटिंग्जमध्ये सेव्ह्ड डेटाचा भाग आहे, तिथून त्याचा जतन केलेला खेळ यूएसबीवर कॉपी होतो. ती प्रत कपाटात ठेवा. मग प्लेस्टेशनवर स्वतःच्या नावाचा नवा युझर करा. प्रत्येक युझरचे खेळ वेगळे जतन होतात, त्यामुळे त्याच्या खेळाला तुमचा हात लागण्याचा प्रश्नच राहणार नाही. डिस्क तीच चालते. गोष्ट तुम्हाला पहिल्यापासून सुरू करावी लागेल, पण तुमचा हात आता बसलाय. पहिल्या वेळी जिथं आठवडे गेले तिथं या वेळी चार दुपारी पुरतील.

आणि आता एक गोष्ट सांगते ती शांतपणे वाचा. कन्सोल घरच्या वायफायला जोडलेला असेल, आणि तुम्ही आजवर मुलाच्याच नावानं आत जात असाल, तर तुम्ही खेळता तेव्हा तो त्याच्या मित्रांना ‘ऑनलाइन’ दिसत असणार, कुठला गेम चालू आहे त्यासकट. त्याच्या फोनवर प्लेस्टेशनचं ॲप असेल तर त्यालाही ते दिसू शकतं. म्हणजे ऑफिसात बसलेल्या तुमच्या मुलाला कदाचित कित्येक महिन्यांपासून ठाऊक असेल की रोज दुपारी दोन वाजता रामबागेतल्या त्याच्या खोलीत स्पायडरमॅन सुरू होतो. त्याचे बाबा खेळत नाहीत हे त्याला माहीत आहे. ठाऊक असून तो बोलला नसेल, तर तुम्ही आपणहून सांगाल याची तो वाट बघत असेल. पासवर्ड बदलणं त्याला काही अवघड नव्हतं.

मला तुमच्या पत्रात खटकलं ते एवढंच, हे लपवणं. दोन तास खेळणं मला मुळीच खटकलं नाही. तुम्ही घर सांभाळता, कुणाचं काही अडत नाही, पैसे जात नाहीत. पण चोरून केलेल्या गोष्टीचा आनंद अर्धाच मिळतो, आणि तो वाटून घेता येईल असा माणूस तुम्हाला फोनच्या एका बटणावर आहे. आज तुम्ही त्याला फोन करता तेव्हा काय बोलता? जेवलास का, थंडी आहे का, रजा कधी. त्याऐवजी एकदा विचारून बघा, ‘अरे, शॉकरला तू कसं हरवलंस?’ पलीकडे क्षणभर शांतता होईल. त्यानंतर तो जे बोलायला लागेल ते थांबणार नाही, हे मी माझ्या भाच्यावरून सांगते. तो पंधरा वर्षांचा झाला तसा माझ्याशी बोलायचाच बंद झाला होता. या एका गेमनं आम्हाला पुन्हा बोलतं केलं. आज तो सव्वीसचा आहे, आणि अजूनही एखादं अवघड मिशन सुटलं की मला रात्री फोन करतो.

यजमानांचं फार मनावर घेऊ नका. ‘या वयात’ हा शब्द मला स्वतःला सहन होत नाही. बोटं हलतात, डोळे बघतात, मन गुंततं, मग वय मधे कुठून आलं? पण त्यांच्याशी वाद घालून काही साधणार नाही. एका संध्याकाळी त्यांना चहा देऊन शेजारी बसवा आणि एम्पायर स्टेट बिल्डिंगच्या टोकावर जाऊन उभ्या राहा. काही बोलू नका. खाली उडी मारा आणि रस्त्यापासून दोन हातांवर आल्यावर धागा टाका. बहुतेक माणसं खुर्चीचा हात घट्ट धरतात. तेही धरतील.

राहिली ती रात्र, लाल डोळ्यांची.

गोष्टीत पीटरची मे काकू तुम्हाला भेटली असेलच. इंग्रजीत ‘आँट’ म्हटलं की मावशी, आत्या की मामी काही कळत नाही. ती काकू, कारण तिचा नवरा बेन हा पीटरच्या वडिलांचा भाऊ. आई-वडील नसलेल्या पोराला या दोघांनी वाढवलं, आणि बेन गेल्यावर तिनं एकटीनं. या गेममध्ये ती बेघरांसाठीच्या आश्रयस्थानात काम करते, फीस्ट नावाच्या. लोकांना जेवण वाढते, खोकणाऱ्याची विचारपूस करते, आणि पीटर दिवसभर गावाला वाचवून उशिरा पोचला तरी रागवत नाही. पुढे त्या दोघांचं बोलणं येईल तेव्हा पुढचं बटण दाबून ते वगळू नका. त्यांचे फोन येतात तेही पूर्ण ऐका, झोका घेत असलात तरी.

पुढे काय होतं ते मी सांगणार नाही. तुम्ही इतके दिवस त्या शहरात राहिलात, तुमचा तो हक्क आहे. पण तुमचा मुलगा त्या रात्री बाहेर आला तो गोष्टीच्या शेवटाहून आला असावा, असं मला ठामपणे वाटतं. त्याला कुणी दुखावलं नव्हतं, त्याचं बाहेर कुठं काही बिनसलं नव्हतं. इतकी वर्षं तुम्ही मनात धरून ठेवलेली ती काळजी आज खाली ठेवा. माझा भाचाही असाच बाहेर आला होता. येऊन नुसता ओट्यापाशी उभा राहिला, त्याची आई पोळ्या लाटत होती तिथं. मी स्वतः तो शेवट पाहिला तेव्हा भाचा शेजारी होता, आणि बरं झालं होता.

म्हणून माझं एक ऐका. द राफ्ट नावाचा तुरुंग आहे, पाण्यातला. तो फुटला की समजा गोष्ट उताराला लागली. तिथून चार पावलं पुढे जायला हरकत नाही, पण शेवट एकटीनं बघू नका, आणि दुपारी पडदे ओढून तर नकोच. त्याला सांगा, ‘मी राफ्टपर्यंत आले, आता तू आल्यावर.’ तो गणपतीला येईल, नाहीतर दिवाळीला. कंट्रोलर तुमच्याच हातात असू द्या, त्यानं नुसतं शेजारी बसायचं. तुमची दोन्ही ताटं त्यानं का घासली, ते त्या वेळी त्याला विचारावं लागणार नाही.

तोवर रात्रीचं मॅनहॅटन बघून घ्या. आणि फोन आजच करा, संध्याकाळी, तो ऑफिसातून सुटला की. शॉकर हरला की मला दोन ओळी लिहा.